अंदमानात मुक्काम कुठं करावा, जेवणाचं काय? (सोलापूरहून ६ जण, ७ रात्री)

होटगीरोड
गड्ड्याची (सिद्धेश्वराची) यात्रा आटोपली की फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात अंदमानला जायचं ठरतंय. चार मोठी माणसं, त्यातली दोन सत्तरीच्या पुढची आणि एकाचे गुडघे दुखरे. दोन मुलं, १० आणि १३ वर्षांची. तिघं पक्के शाकाहारी, त्यातल्या एकाला कांदा-लसूणही चालत नाही. बाकी तिघांना ताजे मासे हवेत. एजंटने हॅवलॉकला ‘बीच रिसॉर्ट’ दिलंय, कुठल्या बीचवर ते सांगत नाही. रात्री कुठं किती काढाव्यात, खोली कुठल्या भागात घ्यावी आणि जेवणाची सोय कशी लागते, एवढं नीट सांगा.

कंबरतलाव
आधी नावं लावून घ्या, कारण बुकिंगच्या कागदावर जुनी-नवी मिसळून येतात. हॅवलॉक म्हणजे स्वराज द्वीप आणि नील म्हणजे शहीद द्वीप, ही नावं २०१८ ची. पोर्ट ब्लेअर २०२४ पासून श्री विजयपुरम. तिथली माणसं बोलताना अजून हॅवलॉक, नील, ब्लेअर असंच म्हणतात.

सात रात्रींची वाटणी: ब्लेअर १, हॅवलॉक ३, नील २, परत ब्लेअर १. वयस्कर माणसं सोबत असताना यापेक्षा जास्त बेटं कोंबू नका. प्रत्येक बेट बदलताना जेटी, सामान, रांग, बोट आणि पुन्हा गाडी यात अर्धा दिवस जातो.

आता मुक्कामाचं. खोली निवडताना बहुतेक जण समुद्राचा फोटो बघतात. माझं मत उलटं आहे. आधी रात्रीचं जेवण कुठं मिळेल ते बघा, मग खोली. सोलापूरचा रेखांश साधारण ७५.९ अंश पूर्व, ब्लेअरचा ९२.७. फरक जवळपास १७ अंशांचा. एका अंशाला ४ मिनिटं धरली तर सूर्य तिथं आपल्यापेक्षा तासाहून जास्त आधी मावळतो, पण घड्याळ तेच. फेब्रुवारीत साडेपाचच्या आत सूर्यास्त, सहाला अंधार. रस्त्यांवर दिवे तुरळक, आणि रात्री रिक्षा मिळाली तरी जायचे-यायचे पैसे सांगते. खोली एका टोकाला आणि जेवण दुसऱ्या टोकाला असेल तर रोज रात्री रिसॉर्टच्या स्वयंपाकघरात जे असेल ते, आणि ते लावतील त्या दराने.

हॅवलॉकची जेटी उत्तरेला. तिथून पूर्वेच्या किनाऱ्याने रस्ता खाली जातो: आधी गोविंदनगर (३ नंबरचा किनारा), पुढं विजयनगर (५ नंबर), शेवटी कालापत्थर. राधानगर (७ नंबर) पश्चिमेला, जेटीपासून साधारण १२ किलोमीटर. बाजार, औषधाचं दुकान, बंगाली खानावळी, दोसा-इडलीच्या टपऱ्या हे सगळं गोविंदनगरच्या आसपास. तुमच्यासारख्या कुटुंबाने गोविंदनगर बाजार आणि किनारा यांच्या मधे, चालत ५-७ मिनिटांत बाजार गाठता येईल अशी तळमजल्याची खोली घ्यावी.

भांगउधाण
कंबरतलावांचं जेवणाचं गणित बरोबर आहे, पण पोरांना पाण्यात खेळायचं असेल तर गोविंदनगर-विजयनगरच्या किनाऱ्याबद्दल हे माहीत हवं. पूर्वेचा हा सगळा किनारा उथळ. ओहोटी लागली की पाणी दूरवर मागं सरतं आणि खाली मेलेल्या प्रवाळाचा दगड उघडा पडतो. फोटोत निळंशार दिसणारं पाणी दुपारी बघावं तर समोर दगड आणि चिखल. फसवणूक यात कुणाची नसते, फोटो भरतीचा असतो.

भरती-ओहोटी दिवसात दोनदा आणि रोज साधारण ५० मिनिटं उशिरा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण: भरती मोठी, ओहोटीही खोल. अष्टमीच्या सुमाराला भांग: चढउतार कमी. घरातलं पंचांग काढून प्रवासाच्या तारखांपुढे तिथी लिहा. मुक्काम पौर्णिमेजवळ आला तर पूर्वेच्या किनाऱ्यावर पोहण्याचे तास फार थोडे, म्हणून आंघोळीचा बेत राधानगरला ठेवा. अष्टमीजवळ आला तर खोलीसमोरही मुलं दोन-तीन तास खेळू शकतील. नेमक्या वेळा पोर्ट ब्लेअरच्या भरतीच्या तक्त्यात मिळतात, नेटवर बघून रोजच्या रोज कागदावर उतरवून घ्या. दगडावर चालायला रबरी तळव्याचे बंद बूट हवेत. प्रवाळाची खरचट लवकर पिकते. गोड्या पाण्याने धुऊन जंतुनाशक लावा, वाळू आत राहू देऊ नका.

राधानगरला वाळू मऊ, तळ हळूहळू उतरत जातो, दगड नाही. २०२० साली त्याला ब्लू फ्लॅग, म्हणजे स्वच्छ-सुरक्षित किनाऱ्याचं आंतरराष्ट्रीय मानांकनही मिळालं. पण पोहायचं ते जीवरक्षकांनी आखून दिलेल्या पट्ट्यातच. उजवीकडे चालत गेल्यावर जी शांत खाडीसारखी जागा लागते, तिथं पाण्यात उतरू नका. २०१० साली या बाजूला मगरीने एका पर्यटक महिलेचा जीव घेतला. खाऱ्या पाण्यातल्या मगरी या बेटांवर आहेत. ओढे, खारफुटी आणि संध्याकाळचा अंधार, या तिन्हींपासून मुलांना लांब ठेवा.

चाटीगल्ली
मग राधानगरलाच का राहू नये? सूर्यास्त तिथलाच बघायचा असतो, रोज २४ किलोमीटर जा-ये कशाला?

कंबरतलाव
राहता येतं. ताजचं हॉटेल तिथंच आहे, बेअरफूट रिसॉर्ट तिथंच आहे, पण दर वेगळ्याच पातळीवरचे. स्वस्त खोल्या थोड्या. दिवसा किनाऱ्याच्या तोंडाशी टपऱ्यांवर पोहे, मॅगी, नारळपाणी, मासे-भात मिळतो. अंधार पडला की आवराआवर. तीन शाकाहारी, त्यात एक बिनकांद्याचे, म्हणजे तीनही रात्री एकाच हॉटेलच्या मेन्यूवर काढायच्या. ज्यांना शांतता हवी आणि खर्चाची काळजी नाही त्या जोडप्याला राधानगर, सहा जणांच्या घराला गोविंदनगर. राधानगरला दुपारी तीनला रिक्षा ठरवून जा, ‘सूर्यास्तानंतर परत’ हे बोलूनच. एकेरी भाडं ठरवलं तर परतीला अडाल.

अक्कलकोटरस्ता
जेवणाचं मी सांगतो, कारण आपल्याकडच्या माणसांचे हाल इथंच होतात.

हॅवलॉक आणि नीलवर वस्ती मुख्यतः पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांची. खानावळी त्यांच्या. साधी थाळी म्हणजे भात, पातळ मसूरडाळ, एक भाजी, बटाट्याचं काहीतरी, पापड. माशाची थाळी घेतली तर त्यात एक तुकडा आणि रस्सा. भात मागाल तेवढा. चपाती वेगळी सांगावी लागते, बहुधा मैदा मिसळलेली, आणि ती करायला वेळ लागतो. ज्वारीचा तर प्रश्नच नाही.

पहिली अडचण तेलाची. फोडणी मोहरीच्या तेलात असते. शेंगदाण्याच्या तेलावर वाढलेल्या जिभेला तो उग्र वास पहिल्या घासाला नको होतो आणि वयस्कर माणसं ताट बाजूला सारतात. ऑर्डर देतानाच हिंदीत सांगा: सरसों का तेल नहीं, रिफाइंड में बनाना. वाढून आल्यावर सांगून उपयोग नाही.

दुसरी, शाकाहाराची. तिथं ‘व्हेज’ म्हणून ठेवलेल्या डाळीत कधी माशाचं डोकं घातलेलं असतं, तो बंगाली घरांतला आवडता प्रकार आहे. पालेभाजीत सुकट-कोळंबीही असू शकते. ‘व्हेज है क्या’ विचारू नका, ‘इसमें मछली या चिंगड़ी तो नहीं’ असं विचारा. कांदा-लसूण न खाणाऱ्यांसाठी बंगालीत एक नेमका शब्द आहे, निरामिष. जुन्या बंगाली घरांत निरामिष स्वयंपाक म्हणजे मांस-मासे नाहीत आणि कांदा-लसूणही नाही. ‘निरामिष, पेंयाज-रोशुन छाडा’ असं सकाळीच सांगितलं तर घरगुती खानावळवाला आलं-जिऱ्याच्या फोडणीची पपई, भोपळा, कच्च्या केळ्याची भाजी मनापासून करून देतो. हॉटेलच्या ‘जैन’ पनीरपेक्षा हे शंभर पटीने चांगलं. मात्र आयत्या वेळी होत नाही: दुपारचं सकाळी नऊपर्यंत, रात्रीचं चारपर्यंत सांगा.

ब्लेअरमध्ये अडचण कमी. अबर्डीन बाजाराच्या आसपास दक्षिणी शाकाहारी हॉटेलं आहेत. अन्नपूर्णा त्यातलं जुनं, दोसा-भात-चपाती सगळं मिळतं. म्हणून पहिली आणि शेवटची रात्र अबर्डीन बाजाराजवळच घ्या. सेल्युलर जेलही जवळ, संध्याकाळचा प्रकाश-ध्वनी कार्यक्रम बघून जेवायला चालत येता येतं.

दर महाग वाटतील. तेल, डाळ, पीठ, गॅस, बरंचसं सामान चेन्नई-कोलकात्याहून जहाजाने ब्लेअरला आणि तिथून पुन्हा बोटीने बेटावर येतं. जहाज लांबलं की टोमॅटो, कोथिंबीर गायब. जे तिथं पिकतं ते खा: केळी, पपई, शहाळं, भोपळा. नीलवर भाजीपाला चांगला पिकतो, त्यामुळे शाकाहाऱ्यांचं जेवण हॅवलॉकपेक्षा नीलवर ताजं.

साखरपेठ
भाषेची काळजी करू नका. हिंदी सगळीकडे चालते. ब्लेअरमध्ये तेलुगू आणि तमीळ बोलणारी वस्तीही भरपूर आहे. सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू बोलणाऱ्या घरांना तर बाजारात अगदी घरच्यासारखं वाटेल. पप्पू (डाळ), चारू (रस्सम) असं नाव घेऊन मागा, मिळतं.

भांगउधाण
मासे खाणाऱ्यांसाठी. सुरमई, टूना, तांबोशी, कोळंबी बहुतेक ठिकाणी असते. खेकडा आणि लॉबस्टर वजनावर. मेन्यूत दराच्या जागी ‘बाजारभावाप्रमाणे’ लिहिलेलं असतं आणि बिलावरून वाद इथंच होतो. क्रम असा ठेवा: मासा कच्चा दाखवायला सांगा, तुमच्यासमोर वजन, दर किलोचा की १०० ग्रॅमचा ते स्पष्ट, करण्याचे पैसे त्यात धरलेत का, मग होकार. दर १०० ग्रॅमचा असताना किलोचा समजला तर बिल दहापट येतं. अख्खा मासा साफ करून चार आणे वजन कमी होतं हेही लक्षात ठेवा. सहाशे ग्रॅम मोजलेल्या माशात ताटात साडेचारशेच्या आसपास.

ताजेपणा: डोळा फुगीर आणि स्वच्छ, कल्ले लाल, बोटाने दाबलेला खळगा लगेच भरून यायला हवा. टूनाचा तुकडा तपकिरी पडलेला किंवा जिभेला चुरचुरणारा असेल तर सोडून द्या. नीट थंड न ठेवलेल्या टूनात हिस्टामिन तयार होतं, ते शिजवून जात नाही. चेहरा लाल होणं, डोकं दुखणं, उलट्या हा त्रास त्यानेच होतो. मुलांना तर अजिबात देऊ नका.

फेब्रुवारी निवडलात हे चांगलं केलंत. पूर्व किनारा आणि अंदमान धरून १५ एप्रिल ते १४ जून खोल समुद्रातल्या यांत्रिक मासेमारीला बंदी असते. मेच्या सुट्टीत जाणाऱ्यांना मासा कमी आणि महाग मिळतो तो यामुळेही. शिवाय ‘मान्सून अंदमानात दाखल’ ही बातमी आपण दर मेमध्ये वाचतो. ती शेतकऱ्याला गोड, पण तेव्हा बेटावर असलेल्या पर्यटकाच्या बोटी रद्द होत असतात. दिवाळीची सुट्टीही परतीच्या पावसात सापडते. जानेवारी ते एप्रिलची सुरुवात, हाच समुद्र शांत असण्याचा काळ.

शेंगाचटणी
बरोबर काय न्यावं.

कडक भाकरी न्या, पण एका मोठ्या डब्यात नको. सोलापुरात ती महिनाभर कुरकुरीत राहते कारण आपली हवा कोरडी. तिथल्या दमट हवेत डबा एकदा उघडला की दुसऱ्या दिवशी भाकरी चिवट होते आणि चौथ्या दिवशी बुरशीचा वास. एका वेळेला लागतील तेवढ्या, म्हणजे सहा-सहाचे पुडे घरीच हवाबंद करून घ्या. उघडला तो पुडा त्याच जेवणाला संपवायचा. शेंगाचटणीचंही तसंच: पाव-पाव किलोच्या पुड्या. ती तेल सुटेपर्यंत कुटलेली असते, पिशवीवर पिशवी घाला नाहीतर कपडे तेलकट. दोन्ही वस्तू विमानात चेक-इन सामानात टाका. मसाल्याची पूड, चटणी हातातल्या बॅगेत असेल तर तपासणीला काढून ठेवतात. सुकं खोबरं मात्र चेक-इन सामानातही नेऊ नका. त्यातल्या तेलामुळे ते ज्वलनशील मालात धरतात, खोबऱ्याच्या वाट्या काढून घेतल्या जातात.

सातूचं पीठ, भाजलेला रवा न्यायला हरकत नाही, फक्त खोलीत विजेची शेगडी लावायचा विचार असेल तर आधी विचारा. बेटांवर वीज मुख्यतः डिझेल जनित्रांची. बांबूच्या झोपडीतलं वायरिंग पंखा, दिवा, मोबाईल एवढ्यापुरतंच असतं.

चाटीगल्ली
बोटींचं राहिलंच. ब्लेअर-हॅवलॉक-नील मार्गावर खासगी बोटी (मक्रूझ, नॉटिका, ग्रीन ओशन वगैरे) आणि सरकारी बोटी आहेत. खासगी वेगवान बोटीला हॅवलॉकपर्यंत दीड-दोन तास, सरकारीला अडीचच्या आसपास. सरकारी स्वस्त, पण जागा लवकर संपतात. वयस्कर असतील तर खासगीच, सकाळची. दुपारनंतर वारा वाढतो आणि बोट जास्त हलते. तिकिटावरचं नाव आणि आधारवरचं नाव तंतोतंत एक हवं. निघायच्या तासभर आधी जेटीवर.

बोट लागणाऱ्यांनी गोळी बोटीत बसल्यावर घेऊन उपयोग नाही, अर्धा-एक तास आधी घ्यावी लागते. रिकाम्या पोटी बसू नका आणि पुरी-भाजी खाऊनही बसू नका. इडली किंवा केळं. जागा मधल्या भागात, मागच्या बाजूला. पुढचं टोक सगळ्यात जास्त आपटतं.

सोलापूरहून जायचं तर हैदराबाद सोयीचं. रस्त्याने ३०० किलोमीटरच्या आसपास, रेल्वेही आहे, आणि तिथून ब्लेअरला विमानं असतात. चेन्नईचं विमान धरायचं तर मुंबई-चेन्नई मेल सोलापूरवरून जाते. रेल्वे आणि विमान यांच्या मधे किमान सहा तास सोडा.

होटगीरोड
सगळ्यांचे आभार. आता असा बेत बसवलाय:
पहिली रात्र अबर्डीन बाजार. मग हॅवलॉक ३ रात्री, गोविंदनगर, तळमजला. मग नील ३ रात्री. आठव्या दिवशी सकाळच्या बोटीने ब्लेअर आणि दुपारी दीडचं विमान. थोरल्याला स्कूबा (हवेची टाकी लावून पाण्याखाली पोहणं) करायचंय, ते नीलला सातव्या दिवशी ठेवलंय. नीलला खोली लक्ष्मणपूरच्या बाजूला मिळतेय, नैसर्गिक पूल (खडकाची कमान) जवळ म्हणून.

कंबरतलाव
मालक, शेवटचा दिवस मोडा. बोट आणि विमान एकाच दिवशी ठेवू नका. समुद्र खवळला, यंत्र बिघडलं, बोट दोन तास उशिरा सुटली, यातलं काहीही झालं की सहा तिकिटं गेली. बोटवाले भाडं परत करतील, विमानाचं नाही. नीलची एक रात्र कमी करून सातवी रात्र ब्लेअरलाच ठेवा.

भांगउधाण
आणि स्कूबा आधी घ्या, हॅवलॉकला तिसऱ्या दिवशी. पाण्याखाली दाबाने हवेतला नायट्रोजन रक्तात विरघळतो. वर आल्यावर तो हळूहळू बाहेर पडतो. तो पडायच्या आत विमानात बसलं, तर तिथल्या कमी दाबाने त्याचे बुडबुडे होतात. सांधेदुखीपासून लकव्यापर्यंत काहीही होऊ शकतं. डाइव्ह आणि विमान यात १८ तास तरी हवेत, २४ ठेवलेत तर उत्तम. १३ वर्षांच्या मुलाला चालतं, पण सर्दी, कान ठणकणं किंवा दमा असेल तर नाही. दोन तास आधी हलकं खाणं.

लक्ष्मणपूरच्या नैसर्गिक पुलाचंही सांगतो. तिथं फक्त ओहोटीतच जाता येतं, आणि वाट शेवाळलेल्या, ओबडधोबड दगडांवरून. गुडघेदुखीवाल्या माणसाला तिथं नेऊच नका, त्यांना भरतपूरला झाडाखाली बसवून काचेच्या तळाच्या बोटीतून प्रवाळ दाखवा.

अक्कलकोटरस्ता
नीलवर खोली भरतपूर-जेटीच्या बाजूला घ्या. खानावळी आणि बाजार तिथंच. लक्ष्मणपूर सूर्यास्त बघायला जायचं, मुक्कामाला नाही. बेट लहान आहे, जेटीपासून सीतापूरचं टोकसुद्धा पाच किलोमीटरच्या आसपास. नीलवर रात्री आठनंतर चूल विझलेली असते, तेव्हा दुपारीच सांगून ठेवा.

कंबरतलाव
ॲडव्हान्स भरण्याआधी मालकाशी फोनवर बोला, एजंटाशी नाही. खोली कितव्या मजल्यावर, दाराला किती पायऱ्या. संडास कमोडचा की भारतीय. जनित्र आहे का, असेल तर त्यावर एसी चालतो की फक्त पंखा. नळाला गरम पाणी कितीपासून कितीपर्यंत. विहिरीचं पाणी खारट आहे का; साबणाला फेस येत नाही तिथं वयस्करांची कातडी कोरडी पडून खाजते. पिण्याचं पाणी भरून घ्यायची सोय आहे का, म्हणजे बाटल्या विकत घ्याव्या लागत नाहीत. किनारा किती मिनिटांवर, आणि मधे रस्ता ओलांडावा लागतो का. नाश्ता धरून दर की वेगळा. बोट रद्द झाली तर एक रात्र पुढं ढकलता येते का. ही शेवटची गोष्ट व्हॉट्सअपवर लिहून घ्या.

बांबूच्या झोपड्या दिसायला सुंदर आणि स्वस्त, पण फटींतून वाळूमाश्या आणि पालीही येतात. तुमच्यासाठी पक्क्या भिंतींची खोलीच. वाळूमाशी संध्याकाळी ओल्या वाळूवर चावते, घोट्याला खोबरेल तेल चोपडलं तर ती कमी टेकते. खाजवलं की जखम आठवडाभर राहते, त्यामुळे खाज शमवायचं मलम बरोबर असू द्या.

साखरपेठ
रोख पैसे ब्लेअरलाच काढा. फोनवरचे पैसे चालतात, पण रेंज गेली की खानावळीत आणि रिक्षात अडतं. सहा जणांचं दोन दिवसांचं जेवण आणि रिक्षा निघेल एवढी रक्कम सुट्यासकट खिशात ठेवा. आणि मुलांनी वेचलेले शंख, प्रवाळाचे तुकडे बॅगेत टाकू नका. विमानतळावर सामान तपासतात, वन्यजीव कायद्याखाली अडवतात. दुकानातून घेतलेल्या शंखाची परवाना असलेली पावती जपून ठेवा.

होटगीरोड
नीलची खोली बदलून भरतपूरला घेतली, सातवी रात्र ब्लेअर, स्कूबा हॅवलॉकला. पंचांग बघितलं, हॅवलॉकचे तीनही दिवस अष्टमीच्या आसपास येतायत.

भांगउधाण
म्हणजे भांग आहे. खोलीसमोरच्या पाण्यात मुलांना भरतीच्या आधी एक तास आणि नंतर एक तास मिळेल. पहिल्या दिवशी पोचल्यावर खोलीवाल्याला भरतीची वेळ विचारून तक्त्याशी जुळवून घ्या, पुढच्या दोन दिवसांना प्रत्येकी पाऊण ते एक तास वाढवत जा. भांगाच्या दिवसांत ही वेळ नेहमीपेक्षा जरा जास्तच सरकते.